स्पेनची बाटली आणि आण्णांची खुर्ची

आण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी राजुरीच्या एका बागेत द्राक्षाची बी चावून बघत होते. वाइनची द्राक्षं तयार झाली की नाही, हे बियांवरून कळतं आणि ते बघणं हे माझं काम. नवऱ्याचा फोन आला. "घरी ये. आण्णा गेले..." एवढंच म्हणाला. पिंपळवंडीला पोचेपर्यंत ती बी माझ्या दाढेखाली तशीच होती.

आण्णा म्हणजे माझे सासरे. आता दीड महिना होईल. भेटायला येणारे म्हणतात, माणूस लई सरळ व्हता. ते खरंच आहे. पण माझ्यावर त्यांचे जे उपकार आहेत, ते घराबाहेर कुणाला ठाऊक नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या घरात दारूचं नावसुद्धा काढत नसत. आण्णांचा धाकटा भाऊ दारूपायी ऐन तिशीत गेला. सासूबाई या घरात आल्या तेव्हा तो शाळेत जाणारा पोरगा होता, त्यांनीच त्याला वाढवलं होतं. अशा घरात मी सून म्हणून आले ती वाइन बनवायचं शिकून. लग्न जमवताना माझ्या माहेरच्यांनी 'अन्नप्रक्रियेचा कोर्स' असं मोघम सांगितलं आणि मीही गप्प बसले. वर्षभरात बिंग फुटलं. सासूबाईंनी अबोला धरला. आण्णा मात्र मला ओढ्याकडेच्या अर्ध्या एकरावर घेऊन गेले आणि म्हणाले, तुझी ती काळी द्राक्षं इथं लाव. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

पहिला बहर आला तेव्हा मी बाळंतपणाला निरगुडसरला, माहेरी होते. वाइनच्या द्राक्षाचे मणी बारीकच हवेत, त्यातच सगळा स्वाद असतो. आण्णांचा जन्म खायची द्राक्षं पिकवण्यात गेलेला. त्यांना ते घड उपाशी वाटले. त्यांनी फुगवणीचं औषध बादलीत कालवलं आणि वाकून वाकून अर्ध्या एकरातला एकेक घड त्यात बुडवला. मणी झाले टपोरे आणि रस पाणचट. वाइनरीवाल्यांनी सगळा माल परत पाठवला. मी चिडून रडले. आण्णा टोपी हातात घेऊन समोर उभे राहिले. "घड लई बारीक दिसत व्हते. म्हटलं, पोर माहेरी गेलीय, तिच्या बागंची आबाळ नको." आता यावर काय भांडणार? महिनाभर आम्ही तीच द्राक्षं खाल्ली, शेजाऱ्यांनाही खायला लावली.

मग ती बाटली आली. वाइनरीत आलेल्या एका स्पॅनिश पाहुण्याने त्यांच्याकडच्या एका जुन्या, नामांकित बागेची तांबडी वाइन मला भेट दिली. फेकवेना आणि दाखववेनाही. मी ती धान्याच्या कोठीमागे दडवली. चार दिवसांनी आण्णा बाजरी काढायला गेले आणि बाटली घेऊनच बाहेर आले. ते पडवीतल्या लोखंडी खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि लेबलावरच्या ठेंगण्या, वाकड्या वेली बघू लागले. मी सांगितलं, तिथल्या बागवाल्यांच्या पणजोबांनी लावलेल्या वेली आहेत, एकेकीला चार-दोन घड येतात, तरी उपटत नाहीत. आण्णांना याचं फार नवल वाटलं. माल घटला की आपण जेसीबी घालतो, म्हणाले. मग बाटली माझ्यापुढे धरली.

"उघड," ते म्हणाले. "मी पिनार न्हाई. तू पी. हितं, माझ्या म्होरं. लपून पिनारा एक बघितलाय म्या. तू कायबी लपवू नको."

उंबऱ्याशी बसलेल्या सासूबाई ताडकन उठून आत गेल्या. मी चहाच्या ग्लासात दोन घोट ओतले आणि एक घेतला. आण्णांनी विचारलं, "सांग, कशी लागती?"

मला ते फक्त इंग्रजीत सांगता येत होतं. पहिल्यांदाच मराठीत शोधत गेले. करवंद, वाळलेलं अंजीर, नव्या चपलेचं कातडं, किंचित तंबाखूची चंची. आण्णांनी ग्लास नाकाशी नेला, चंचीला मान डोलावली. कुठं बोचते का, विचारलं. नाही, म्हटलं. "म्हंजे शाण्या पावण्यावानी हाय. येतं, बसतं, आवाज न करता जातं. गेल्यावर याद येती." मी एवढी वर्षं वाइन चाखते आहे, तिच्या डौलाबद्दल याहून नेमकं मी अजून काही ऐकलेलं नाही.

तेव्हापासून दरवर्षी आमच्या अर्ध्या एकराच्या वाइनचा नमुना आला की आण्णा खुर्चीत बसत, मी चाखत असे आणि ते विचारत, कशी लागती. सासूबाई दरवर्षी आत निघून जात. मी न लाजता काम करू शकले ती या विचारण्यामुळे. आण्णा, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

गेल्या आठवड्यात यंदाचा नमुना आला. रिकाम्या खुर्चीकडे बघून माझा धीरच झाला नाही. बाटली घेऊन मी सरळ कोठीकडे निघाले. जुनी खोड. तेवढ्यात मागे लोखंडी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वळून बघते तर सासूबाई पदर सावरून तिच्यात बसल्या होत्या, कोठीकडे बघत.

"ती हिकडं आन," त्या म्हणाल्या. मी ग्लास आणला, ओतलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. पहिला घोट माझ्या घशाखाली उतरेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या,

"सांग, कशी लागती?"