आत्याचा धवला

कासूजवळच्या आमच्या गावात मुलींना धवले शिकवायला समाजमंदिर बांधतायत. काल पायाभरणीला गेले, तर पूजेतल्या ओल्या हळदीच्या वासानं मला तीस वर्षांपूर्वीचा एक मांडव आठवला.

आत्या गावची धवलारीण होती. देवांना बोलावणारे धवले गाऊन ती लग्नाचे विधी पार पाडायची. त्या दिवशी मिठागरावरून आली ती खोकतच. गाता गाता तिचा आवाज बसला, तसा तिनं माझा हात धरला.

“पुढचं तू म्हण गो. तुला येतंय.”

येत होतं. पण रोह्याच्या कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणी समोर बसल्या होत्या. मी पुटपुटले, “मला नाय येत.”

आत्या घोटभर पाणी प्यायली आणि फाटक्या आवाजात तिनं एकटीनंच धवला पुरा केला. घरी जाताना बांधावर ती म्हणाली, “लाजलीस व्हय? मी पन पयल्यांदा लाजले होते.”

पुढच्या लग्नात ती पुन्हा विचारेल, म्हणून मी रोज तो धवला घोकला. लग्नसराईआधीच आत्या गेली.

समाजमंदिरात मुलींना पहिला धवला मीच शिकवणार आहे. सगळा पाठ आहे. एकदा आत्याला ऐकवायचा होता.