सुई उचलू नगं
काल मिरवणुकीआधी कुणीतरी रस्त्याकडेला पाचट पेटवून हलगी तापवत होतं, आणि त्या तापल्या कातड्याच्या वासासरशी मी थेट सत्तरच्या दशकातल्या कराडात पोचलो, लाऊडस्पीकर भाड्यानं देणाऱ्याच्या दुकानात. मी इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलवर रेकॉर्ड प्लेअर कुठला, म्हणून रूममेटची रॉकची रेकॉर्ड काखोटीला मारून मी दुपारी तिथं ऐकायला जायचो. माझी मतं ठाम होती : गिटार म्हणजे संगीत, आणि दुसऱ्या बाजूचं ते लांबलचक ड्रमवादन म्हणजे नुसता खडखडाट. ते आलं की मी सुई उचलून पुढं ठेवायचो. त्या दिवशी लग्नाला न्यायला येणाऱ्या जीपची वाट बघत एक म्हातारा हलगीवाला दारात हलगी तापवत बसला होता. मी सुईला हात घातला तसा तो ओरडला, “थांब रं! उचलू नगं.” डोळे मिटून त्यानं सगळं ऐकलं. मग विचारलं, “किती जण हायत?” म्हटलं, “एकच.” “हॅट्! चौघं तरी हायती.” मी कव्हरवरचा फोटो दाखवला. त्या केसाळ, हडकुळ्या ड्रमवाल्याला निरखून तो म्हणाला, “लय गुणी हाय गडी, पन पोटाला मिळत न्हाई वाटतं. परत लाव.” परत लावल्यावर त्यानं हलगी उचलली, दुकानदारानं टेबल बडवलं, मी पत्र्याचा डबा घेतला आणि बाहेर जीपवाला हॉर्न मारून दमला. रूममेटला ती रेकॉर्ड मी परत दिलीच नाही. तिच्यातली गिटार अजून स्वच्छ वाजते. ड्रमची जागा तेवढी झिजून खरखरते.