फिल्टरचा मोठा डबा

गाडी दुरुस्तीला लागली की मालक-ड्रायव्हरला दोन-तीन तास नुसतं बसावं लागतं. करायला काही नसतं, मग बोलणं निघतं. पांढरकवड्याला हायवेवर माझं गॅरेज आहे, वीस वर्षं झाली. म्हणजे किती किस्से साचले असतील बघा. त्यातले दुसऱ्यांच्या फजितीचे मी तिखटमीठ लावून सांगतो. माझे स्वतःचे सांगायची वेळ आली की मात्र मला नेमका कुठलातरी नट आवळायचा असतो.

आज आवळायला काही नाही.

*

मोठ्या ऑइल फिल्टरचं खूळ माझ्या डोक्यात मोबाईलवरच्या एका व्हिडिओतून शिरलं. ट्रकच्या इंजिनाला जो फिल्टरचा डबा लागतो, त्याच आट्यांचा पण दीडपट लांब डबा बाजारात मिळतो. आतला कागद जास्त, म्हणून कचरा जास्त धरतो, ऑइल जास्त दिवस साफ राहतं. गोष्ट खोटी नाही. पण मी ती अर्धीच ऐकली होती आणि सांगताना दुप्पट करून सांगत होतो.

पहिला डबा बसवला बळीरामभाऊ राठोडांच्या ट्रकला. बळीरामभाऊ जवळच्याच तांड्यावरचे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे, हे ट्रकवर कापसाच्या गाठी वाहतात. त्यांच्या घरी चहाला गेलो तेव्हा त्यांच्या आईला मी ऐटीत सांगितलं, "आजी, तुमच्या गाडीले मोठी किडनी बसवली."

म्हातारी गंभीर झाली. म्हणाली, "मंग पथ्य काय हाये?"

मी हसून सोडून द्यायला पाहिजे होतं. पण ओसरीवर चार माणसं ऐकत बसली होती. मीही तेवढ्याच गंभीरपणे सांगितलं, आठ दिवस जड माल भरू नका.

दुसऱ्या दिवशी बळीरामभाऊ घरी नसताना सोयाबीनचा लोड सांगायला व्यापाऱ्याचा माणूस आला. म्हातारीनं त्याला दारातूनच परत पाठवलं.

*

पुसदच्या एका गिऱ्हाइकानं ही किडनीची गोष्ट ऐकली आणि मुद्दाम गाडी घेऊन आला. त्याच्या गाडीला डबा बसला, पण चार बोटं खाली लोंबत होता. मला ते दिसलं होतं. 'चालते,' असं मी स्वतःलाच सांगितलं.

पंधरा दिवसांनी त्याच्या ड्रायव्हरचा फोन आला. कापूस आणायला शेतातल्या रस्त्यानं गेला होता. दगड लागून डबा फुटला आणि सगळं ऑइल मातीत गेलं. मीटरवरचा लाल दिवा पाहून त्यानं लगेच इंजिन बंद केलं, म्हणून इंजिन वाचलं. माझ्यामुळे नव्हे, त्याच्यामुळे.

मी चूक कबूल करायच्या ऐवजी त्यालाच विचारलं, दगड किती मोठा होता?

तो म्हणाला, "दगड तेवढाच होता मिस्त्री, जेवढा दरसाल राह्यते. डबा मोठा होता."

*

माझे उस्ताद कादरभाई आता काम करत नाहीत, पण जुम्म्याच्या नमाजानंतर गॅरेजवर चक्कर टाकतात. दगडाची बातमी त्यांच्या कानावर गेली होतीच. ते आले, नवा मोठा डबा हातात घेतला आणि चष्मा वर करून सगळीकडून पाहिला.

"आटे जुळले?"

जुळले, म्हणालो.

"रबराची रिंग जुळली?"

तीही जुळली, म्हणालो.

"अन् अक्कल?"

डबा परत माझ्या हातात देऊन ते चहा न घेता गेले. बाकावर बसलेले दोन ड्रायव्हर खाली पाहून तंबाखू मळत राहिले. ते हसले असते तर बरं झालं असतं.

*

तरी नाव झालं होतं. यवतमाळच्या एका आयटीआयनं मला मुलांसमोर बोलायला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, फळ्यावर डब्याचं चित्र काढलं आणि तासभर बोललो. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिनं विचारलं, फिल्टर कचऱ्यानं भरला की आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिनाला न गाळलेलं ऑइल तरी मिळतं. मग लहान डब्याचा व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो, आणि मोठ्याचा किती?

व्हॉल्व्ह असतो एवढंच मला माहीत होतं. तो प्रत्येक इंजिनाच्या हिशोबानं वेगळा असतो, हे मला तिच्या तोंडून कळलं. आणि तोवर मी अकरा गाड्यांना डबे बसवले होते.

मी म्हणालो, "ते कंपनी पाहते."

पोरीनं मान खाली घालून ते वहीत लिहून घेतलं.

सहामाही परीक्षा झाल्यावर तिथले सर मला बाजारात भेटले. तोच प्रश्न त्यांनी पेपरात टाकला होता आणि पोरीनं उत्तर लिहिलं होतं, 'ते कंपनी पाहते.' सर म्हणाले, मार्क देता आले नाहीत, पण चूक तिची नव्हती.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं जात नाही.

बळीरामभाऊंच्या ट्रकवर मारोती आत्राम नावाचा ड्रायव्हर होता. झरीकडच्या एका गावचा, गोंड घरातला, कमी बोलणारा. त्याच्या हातून कधी गाडी घासली नाही. त्या गाडीची ऑइल बदली होती. मी नवा मोठा डबा लावला, नेहमीच्या मापानं ऑइल भरलं, डिपस्टिक काढून वरच्या खुणेपर्यंत फुल दाखवलं आणि मारोतीला गाडी दिली. तो कापसाच्या जिनिंगवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बळीरामभाऊंनी डिपस्टिक पाहिली तर ऑइल कमी. चांगलं लिटरभर कमी. खाली कुठे गळती नाही. ते मारोतीला सोबत घेऊन गॅरेजवर आले. तेव्हा माझ्याकडे तीन गाड्या लागल्या होत्या आणि बाकावर जागा नव्हती.

बळीरामभाऊंनी सरळ विचारलं, "गजू, तू बरोबर भरलं होतं ना?"

मला विचार करायला एक मिनिट पुरलं असतं. मी ते घेतलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी माह्या हातानं फुल भरलं. त्याच्यानंतर गाडी कोणाच्या ताब्यात होती?"

 सगळ्यांनी मारोतीकडे पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "मी झाकण उघडलं नाही." बळीरामभाऊंनी हात पुढे केला. मारोतीनं चावी दिली, केबिनमधून स्वतःचा दुपट्टा आणि जेवणाचा डबा काढला आणि बसस्टँडकडे पायी निघाला.

*

आठ दिवसांनी दुसऱ्या एका गाडीला तसाच डबा लावला. ऑइल भरलं, डिपस्टिक पाहिली, फुल. गाडी चालू करून पाच मिनिटांनी बंद केली. गिऱ्हाइकाचा फोन चालू होता, म्हणून मी उगाच पुन्हा डिपस्टिक काढली.

लिटरभर कमी.

मी ती पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेवढंच. इंजिन चालू झालं की रिकामा डबा भरतो. लहान डबाही ऑइल घेतो, आणि तेवढं आमच्या नेहमीच्या मापात धरलेलं असतं. मोठा डबा त्याहून जास्त घेतो. आधीच्या गाड्यांची डिपस्टिक नंतर कोणी काढून पाहिलीच नसावी. वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाच्या हे लक्षात यायला नको?

त्या दिवशीच बळीरामभाऊंकडे जायला पाहिजे होतं. मी गेलो नाही. त्या दिवसापासून प्रत्येक मोठ्या डब्यामागे लिटरभर ऑइल जास्त टाकू लागलो, आणि कोणाला काही सांगितलं नाही. बळीरामभाऊंच्या पुढच्या ऑइल बदलीलाही तसंच केलं.

त्यानंतर ते खास थांबून मला सांगून गेले, "पाह्य गजू, मारोती गेला अन् ऑइल कमी होनं बंद झालं."

मी मान हलवली. हो म्हणून.

*

ऑइल विकणारा ड्रायव्हर म्हणून मारोतीचं नाव पांढरकवड्यात फिरलं. इथे कोणी त्याच्या हाती गाडी देईना. तो आदिलाबादला गेला आणि कोणाच्या तरी टिप्परवर लागला. महिन्यातून एकदा दोन दिवस घरी यायचा. हे मला आमच्या गॅरेजच्या बाकावरच कळलं. सांगणारा ते किस्सा म्हणूनच सांगत होता.

शेवटी मी बळीरामभाऊंच्या तांड्यावर गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी ट्रककडे पाहिलं. मग म्हणाले, "चावी मी मांगतली. चार लोकायसमोर मांगतली." पुढे म्हणाले, "तू जाय. त्याले सांग, गाडी त्याचीच हाये. मले तोंड नाही."

मारोती घरी आल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. तो अंगणात खाटेची दोरी ताणत होता. त्यानं मला पाहिलं, काम थांबवलं आणि खाट माझ्यासाठी सरळ केली. त्याची बायको दारात तूर पाखडत होती. मी बसलो आणि डब्याचं, लिटरचं, त्या दिवशी गॅरेजवर जे बोललो त्याचं, नंतर गप्प राहिलो त्याचं, सगळं सांगितलं. माफी मागितली. बळीरामभाऊंचा निरोपही सांगितला.

मारोतीनं दोरीचं टोक हातात घेतलं. मग त्यानं बायकोला गोंडीत थोडक्यात काहीतरी सांगितलं. त्यात 'फिल्टर' एवढाच शब्द मला कळला.

तिच्या हातातलं सूप थांबलं. ती बोलू लागली. आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही, पण बोलत राहिली. मध्ये एकदा थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा बोलली. मारोती खाली पाहून दोरीचं टोक बोटाला गुंडाळत होता. मला गोंडी येत नाही.

तिचं बोलणं संपलं. ती उठून आत गेली. मी मारोतीला विचारलं, काय म्हणाली?

"काही नाही, मिस्त्री," तो म्हणाला. "चहात साखर किती टाकू, इचारून राह्यली."