भाकरी होईपर्यंत मोटर बंद

पुण्याची नोकरी सोडून मी सोलापूरच्या भवानी पेठेत आईजवळ राहायला आले, तेव्हा हातात एकच काम होतं: एका रक्ततपासणी लॅबचं सॉफ्टवेअर. गावोगावच्या बारा केंद्रांनी रिपोर्ट क्लाउडवर चढवायचे आणि शहरातल्या डॉक्टरबाईंनी ते बघून सही करायची. हे काम टिकलं तर मी सोलापुरात, नाहीतर पुन्हा पुणं. आईचे गुडघे पार गेलेले आणि घरात दुसरं कुणी नाही. जुनी कंपनी महिनाअखेरपर्यंत माझी जागा धरून ठेवणार होती, आणि आईनं तर माझी बॅग भरून दाराशी ठेवलीसुद्धा होती. "माझ्यापायी हितं कुजू नगंस," हे तिचं रोजचं पालुपद. मीही तिचीच लेक, हटायला तयार नव्हते.

सुरुवातीपासून केंद्रांवरून फोन यायचे, रिपोर्ट जात नाही म्हणून. मी ठणकावून सांगायची, "तुमचं नेट खराब आहे." शेवटी वैतागून होटगीच्या केंद्रावर स्वतः जाऊन बसले. तिथल्या बाईंनी रिपोर्ट पाठवला, चक्र फिरलं आणि तीन सेकंदांत 'संपर्क तुटला'. नेट हळू होतं, पण चालू होतं. तोडत होते ती मीच. समोरून उत्तर येईपर्यंत किती थांबायचं ती मर्यादा, म्हणजे टाइमआउट, मी पुण्यातल्या ऑफिसच्या नेटवर बसून ठरवली होती. इथं एक रिपोर्ट जायला दहा-बारा सेकंद लागायचे. लाज वाटली मला. बाईंची माफी मागितली आणि तिथंच बसून तीनाचे तीस केले.

वाटलं, सुटले. कसलं काय! गुरुवारी दुरुस्तीसाठी सगळीकडची लाइट जाते, ती दुपारी येते. लाइट आल्याबरोबर बाराही केंद्रांनी सकाळपासून बॅटरीवर केलेले, नेटविना साठलेले रिपोर्ट एकदम पाठवले आणि आमच्या लहानशा सर्व्हरचा जीव गुदमरला. नकार मिळाला की पाच सेकंदांनी परत पाठवायचं, हेही मीच लिहून ठेवलेलं. त्यामुळे दर पाच सेकंदांनी सगळे पुन्हा एकदम दारात हजर. संध्याकाळपर्यंत एकही रिपोर्ट पोचला नाही. डॉक्टरबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी असंच झालं, तर आमचं रजिस्टरच बरं."

मी पाचाचे दहा केले, दहाचे वीस केले आणि घरीच संगणकावर बारा केंद्रांची खोटी गर्दी सोडून बघितली. सगळे एकदमच यायचे, फक्त जरा उशिरा.

बुधवारी सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते चार दिवसांआड येतं, त्यामुळे मी धावत जाऊन मोटर लावली. चुलीपुढून आई खेकसली, "बंद कर ती. नुसती हवा वढाय लागलीय, कळंना व्हय तुला?"

नळाला मोटर लावू नये असा नियम आहे, तो आमच्या गल्लीत कुणी पाळत नाही. पण गल्लीचा स्वतःचा एक नियम आहे आणि तो सगळे पाळतात. सगळ्यांच्या मोटरी एकदम लागून पाणी ओढलं नाही, तर आपली मोटर बंद करायची आणि एक भाकरी होईपर्यंत हात लावायचा नाही. तरी नाही, तर दोन भाकरी. मग चार.

"पण सगळ्यांनीच चार भाकरी थांबायचं म्हटलं, तर परत सगळे एकदमच की," मी म्हणाले.

"समद्यांचा हात सारखा चालतोय व्हय गं? समोरचीची भाकरी पळती, माझी रेंगाळती."

मी बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिले. थांबण्याचा वेळ दर नकाराला वाढवावा आणि प्रत्येकाचा थोडा वेगळा ठेवावा, हे मी शिकलेली होते. बारा केंद्रांना कशाला हवं ते, असं म्हणून मीच शहाणपणानं सोडून दिलं होतं.

त्या दिवशी जेवलेही नाही. दोन सेकंद, मग चार, मग आठ, असं मिनिटापर्यंत वाढवत नेलं आणि प्रत्येक केंद्राला त्यात मागंपुढं व्हायला जागा दिली. मग बाराही केंद्रांना फोन करून ते चढवायला लावलं. "आता आणि काय बिघडवताय मॅडम?" पंढरपूरवाल्यानं विचारलं. "चढवा म्हटलं ना," मी म्हणाले.

गुरुवारी दुपारी डॉक्टरबाईंच्या शेजारी जाऊन बसले. लाइट आली. मिनिटभर पडद्यावर काहीच नाही. बाईंनी रजिस्टर पुढं ओढलं.

"थांबा," मी म्हणाले. "भाकरी होऊ द्या."

"भाकरी?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात होटगीचा पहिला रिपोर्ट आला. मग अक्कलकोटचा, मग पुन्हा होटगीचा. अर्ध्या तासात बाराही केंद्रं रिकामी झाली. बाईंनी रजिस्टर कपाटात टाकलं आणि सह्या करायला घेतल्या.

घरी आले तर आई उंबऱ्यातच बसलेली. "आलं का समद्यांचं?"

"आलं."

ती भिंतीला धरून उठली. दाराजवळची बॅग उघडून माझे कपडे एकेक करून कपाटात तिच्या लुगड्यांशेजारी रचले. मग पाठमोरीच म्हणाली, "लई भ्या वाटत हुतं गं मला, खरंच जाशील म्हणून."