शिकेकाई विसरलेला गियर

मुलगा शिकायला चेन्नईला गेला आणि त्याची गियरची सायकल मी चोरून चालवू लागलो. पन्नाशीतल्या बापानं हे घरात सांगावं तरी कसं? परवा, तो सुट्टीला यायच्या दिवशीच, सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या रस्त्यावर हँडलवरचा गियरचा खटका अडकून बसला. सायकल ढकलत मी एका कॉफीच्या टपरीशी आलो.

टपरीवाली कॉफी वरखाली ओतता ओतता डोळ्यांनीच "थांबा" म्हणाली. मग पदराला हात पुसून तिनं खटका चक्क हुंगला.

"अण्णा, याला तिळाचं तेल कोणी पाजलं?"

"मुलानं," मी म्हणालो आणि खाली बघितलं.

"शनिवारी आपण तेल लावून न्हातो, तसंच केलंय की! पण तेल लावलं आणि शिकेकाई विसरला तुमचा लेक."

तिनं भांड्यांचा साबण कढत पाण्यात कालवून खटक्यावर ओतला आणि अंगठ्यानं तो दाबत राहिली. तपकिरी चिकटा गळाला. मग टक्, टक्, टक्! प्रत्येक टक्‌ला ती मैफिलीत बसल्यासारखी मान डोलवत होती.

मला राहवेना. "अक्का, तेल मीच घातलं होतं."

"ते कळलंच हो," ती खळखळून हसली. "तुमच्या डोक्यालाही तोच वास येतोय. आज शनिवार ना?"

संध्याकाळी मुलाला आणायला मी स्टेशनवर गेलो, तेही त्याच्याच सायकलवरून.