वाघिणीतलं पोस्टकार्ड

माहेरच्या केळीच्या बागेला लागून मालगाडीसाठी नवी रेल्वेलाइन टाकताहेत. भरावावर यंत्र खडी दाबत होतं आणि भाचा कौतुकानं सांगत होता, "आत्या, आपली केळी आता इथूनच थेट दिल्लीला. डबा आतून थंडगार, पानंबिनं ठासायला नकोत. एकदा सील केला की मधे कुणाचा हात लागायचा नाही."

 माझं मन जुन्या स्टेशनातल्या मालगाडीच्या वाघिणीपाशी जाऊन बसलं होतं. माझे वडील, अप्पा, भुसावळच्या पुढे कधी गेले नाहीत. पण वाघिणीत घड रचून झाले, की फटींत केळीची वाळलेली पानं ठासताना ते आपला पत्ता घातलेलं एक पोस्टकार्डही आत ठेवत. 'माल कसा पोचला, कळवा.' कळवत कुणीच नसे. एका हिवाळ्यात मात्र दिल्लीहून उत्तर आलं. माल उतरवणाऱ्या एका हमालानं कुणाकडून तरी हिंदीत लिहून घेतलं होतं: केळी चांगली आली. तुमची पानं जाळून आम्ही हात शेकले.

पुढच्या वाघिणीत अप्पांनी दुप्पट पानं भरली.

"अहो, घड तेवढेच, मग पानं एवढी कशाला?" आईनं विचारलं.

"असू देत. तिकडे थंडी आहे."

भाचा अजून थंड डब्याचंच सांगत होता. तिकडची माणसं आता हात कशावर शेकतील, हे त्याला विचारावंसं वाटलं. पण तो दिल्लीपर्यंतचे तास मोजत होता.