एका ओळीचं फुलपाखरू

बाबांना पक्षाघात झाला आणि युरोपातलं शिक्षण अर्धं टाकून मी कळंबजवळच्या आमच्या गावी परतले. प्रबंधाचं उरलेलं काम घरूनच करायचं ठरलं. तिकडच्या एका ओलसर कुरणातल्या फुलपाखरांचे फोटो माझ्या मार्गदर्शक बाई पाठवायच्या. मी जात ओळखून यादी करायची.

जाती दोनच, एक करडी, एक तपकिरी, सख्ख्या बहिणींसारख्या. दोघी गवतात उगवणाऱ्या एकाच रोपाच्या गडद लाल बोंडांत अंडी घालतात, दोघींच्या अळ्या पुढे मुंग्यांच्या बिळात वाढतात, आणि दोघीही कमी होत चालल्यात. फरक पंखांच्या खालच्या बाजूला. करडीला ठिपक्यांच्या दोन ओळी, तपकिरीला एकच. करडीला मोकळं कुरण आवडतं; तपकिरी कडेच्या उंच, न कापलेल्या गवतात रमते.

बाबांना भरवणं, कूस बदलणं, त्यातून वेळ काढून मी यादी केली. कडेच्या गवतातले फोटो अंधूक होते. मी ते सगळे करडीचे म्हणून लिहिले आणि पाठवून दिले.

महिन्याभराने तेच फोटो उघडून बसले होते. आई निंदण करून आलेली, मागे उभी राहून पाहत होती.

"हे दोन सारखे नाहीत ना पोरी," ती म्हणाली. "याले ठिपक्याची एकच ओळ हाय."

मी फोटो मोठा केला. मग बाकीचे पाहिले. पाच फोटो तपकिरीचे निघाले.

तेव्हाच बाईंना कळवलं. उत्तर आलं की यादीत तपकिरी नव्हती, म्हणून त्यांनी कडेचं गवत कापायला होकार दिला होता. ते मागच्याच आठवड्यात कापलं गेलं, बोंडांसकट. पत्रात मला दोष देणारा एकही शब्द नव्हता. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिथे करडी उडाली. तपकिरी कुणालाच दिसली नाही. काही अळ्या दोन वर्षं मुंग्यांकडेच राहतात, असं बाईंनी धीर द्यायला लिहिलं. प्रबंधात एक तळटीप पुरे, असंही म्हणाल्या. मी आईला विचारलं.

"चुकलं ते पुरं लिहून टाक," ती म्हणाली. "नाही लिहिलं तं मनातच बसून राह्यते."

मी पानभर लिहिलं. तरी ते बसूनच राहिलं. दुसऱ्या उन्हाळ्यातही तपकिरी आली नाही. प्रबंध मान्य झाला तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले, बाबांनीही अर्धा खाल्ला. मी माझा पेढा बाजूला ठेवला आणि ते पाच फोटो पुन्हा उघडले.